गाणे कुणाच्या कणगीत?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून भावाची आणि विजेची चर्चा झाली. आता रेडिओवरच्या गाण्यांविषयी बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतले काही जण चहाला उठले. उठू द्या. बायका बसून आहेत, आणि ठेवा मुख्यतः त्यांचाच आहे.

तेलंगणात झहीराबादजवळ माचनूर नावाचे गाव आहे. मुलूख आपल्यासारखाच कोरडवाहू, ज्वारी-तुरीचा. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांतल्या दलित शेतकरी बायकांसाठी तिथे 1998 साली युनेस्कोच्या मदतीने रेडिओचा स्टुडिओ उभा राहिला. स्टुडिओ झाला, पण परवाना मिळेना. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच सांगितले होते. मालमत्ता जनतेची आणि किल्ली सरकारच्या कमरेला! दहा वर्षे या बायकांनी कार्यक्रम कॅसेटवर भरले आणि संघमच्या बैठकांत वाजवले. 2002 साली सरकारने शिक्षणसंस्थांना दार उघडले. सामाजिक संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना ते 2006 साली उघडले. 15 ऑक्टोबर 2008 रोजी संघम रेडिओ हवेत गेला. वेळ ठेवली संध्याकाळी सात ते नऊ, म्हणजे बाई शेतातून घरी आल्यावरची.

तिथे गाणारी बाई शेजारच्याच गावची असते. पेरणीचे, सणाचे, लग्नाचे गाणे ती आपल्या बोलीत गाते. याच संघमांच्या बायका गावचे बियाणे राखतात आणि संक्रांतीपासून बैलगाड्यांत बियाणे मांडून, गाणी म्हणत गावोगाव फिरतात. बियाणे आणि गाणे हे त्यांच्या लेखी दोन विषय नाहीत. मी शिकलो त्या कृषी महाविद्यालयात बियाण्याला विभाग होता. गाण्याचे नाव काढले असते तर मास्तरांनी बाहेर काढले असते.

आपल्याकडचे पाहा. मोट गेली, इंजिन आले, मोटेवरची गाणी गेली. गिरणी आली आणि जात्यावरची ओवी थांबली. कापणीची भलरी किती जणांना येते? हात वर करा. पाच-सहा, तेही पिकल्या केसांचे. मोट गेली याचे मला दुःख नाही. बैलाचे आणि माणसाचे हाल संपले. बाईने पुन्हा जाते ओढावे असे म्हणणाऱ्याने आधी स्वतः पायली दळून दाखवावी. पण कष्टाबरोबर गाणेही गेले पाहिजे असे कुठे आहे? म्हसवडला 2008 साली माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली, तिने लोकगीते गाणाऱ्या बायांना माईकसमोर बसवले. दुष्काळी तालुक्यात हे होऊ शकले.

आता मेख ऐका. 2006 च्या नियमावलीप्रमाणे अशा केंद्राने निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागाने करायचे. चांगली गोष्ट आहे. पण स्वतःच्या बातम्या, चालू घडामोडी, राजकीय काही द्यायचे नाही. म्हणजे कांद्याच्या निर्यातबंदीवर दोन शब्द बोलणे धोक्याचे. आणि कार्यक्रम जपून किती दिवस ठेवायचा? तीन महिने! ही सक्ती सरकारच्या तपासणीसाठी आहे, गाण्यासाठी नाही. त्यापुढे राखले तर राखले, नाहीतर पुसले. बाई वर्षभराने गेली तर तिचा आवाजही गेला.

बियाण्याच्या कामातला माणूस एक गोष्ट जाणतो. वाण गोळा करताना पुडीवर गाव, शेतकऱ्याचे नाव, तारीख, जमीन लिहिली नाही तर ती पुडी जवळपास निकामी असते. गाण्याचेही तसेच आहे. ‘पारंपरिक लोकगीत’ एवढीच पाटी लावली की गाणारीचे नाव पुसले गेले, आणि उद्या कुठल्याही कॅसेट कंपनीला ते फुकटात उचलायला मोकळे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी 1980 च्या दशकापासून हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणारीच्या आणि गावाच्या नोंदीसकट. तेव्हा हे जमत नाही असे कुणी सांगू नये.

जिथे असे केंद्र आहे तिथल्या आपल्या कार्यकर्त्यांनी जाऊन विचारावे: जुनी गाणी कुठे ठेवली आहेत? नोंदवही आहे का? गाणाऱ्या बाईला तिच्या गाण्याची प्रत दिली का? केंद्राला पैसा कमी, माणसे कमी, हे मला ठाऊक आहे. पन्नास वॅटच्या यंत्रावर दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला गाठणारी ही संस्था, तिच्यावर डाफरू नका. वही आपण द्यावी, नोंदीला पोरगी आपली बसवावी. जिथे केंद्र नाही तिथे घरातल्या मोबाईलवर आवाज भरता येतो, परवाना लागत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने भलरी, ओवी, गौरीची गाणी येणाऱ्यांची यादी आणावी. साठीच्या पुढच्यांची नावे आधी लिहा.