भुईमुगाच्या शेतातील तणांचा बंदोबस्त



भुईमुगातले तण काढावयाचे ते खुरप्याने, कोळप्याने की औषधाने, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मी उलट विचारतो, "पीक किती दिवसांचे झाले?" कारण या पिकात साधनापेक्षा दिवसाला अधिक महत्त्व आहे.

असे का, ते पाहा. भुईमुगाचे फूल वर येते, पण शेंग जमिनीत धरते. फुलाच्या देठापासून निघालेली आरी खाली वाकून मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग पोसते. पेरणीपासून साधारण चाळिसाव्या दिवसापुढे आऱ्यांची ही घाई सुरू होते. त्यानंतर कोळपे फिरले की आऱ्या तुटतात. माझ्या लहानपणी आमच्या घरी एका वर्षी पावसाने उसंत दिली नाही आणि कोळपणी पन्नाशीला गेली. शेत आरशासारखे स्वच्छ झाले! काढणीला मात्र वेल उपटावा तर हाती चार-दोन शेंगा. वडील काही बोलले नाहीत. नुसते बांधावर बसून राहिले.

आता एकेक उपाय पाहू. खुरपणीने झाडाला लागून उगवलेले तणही निघते. परंतु मजुरी फार, आणि साऱ्या गावाची खुरपणी एकदमच येते. कोळपणी स्वस्त व झपाट्याची. तिने जमीन भुसभुशीत होते, आऱ्यांना वाट मिळते; पण ओळीतले तण तसेच राहते. शिवाय वाफसा आणि ऊन हवेच. झिमझिम पावसात उपटलेला केना कांड्याकांड्यांवर पुन्हा मुळे धरतो.

तिसरा उपाय तणनाशकाचा. पेंडीमेथॅलीन पेरणीनंतर, उगवणीपूर्वी, दोन दिवसांच्या आत ओल्या जमिनीवर फवारतात. ३० टक्के तीव्रतेचे औषध असेल तर एकरी सुमारे १३०० मिलिलिटर, २०० लिटर पाण्यातून. फवारणाऱ्याने मागे मागे सरकावे, म्हणजे फवारलेली माती पायांनी विसकटत नाही. हे औषध बियांतून उगवणारे तण रोखते. लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीच्या काशा यांना ते दाद देत नाही. त्या उन्हाळी नांगरटीत वेचूनच काढाव्या लागतात. उगवणीनंतरचे इमाझेथापायर तण दोन ते चार पानांचे असतानाच द्यावे. त्याचा अंश जमिनीत उरतो, म्हणून पुढचे पीक कोणते घ्यावयाचे याचा विचार आधी करावा. डब्यावरचे पत्रक वाचल्यावाचून कोणतेही औषध पंपात ओतू नका.

मग निवड कशी करावी? घरची माणसे पुरेशी असतील तर तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात कोळपणी व पाठोपाठ खुरपणी, एवढे पुरे. मजूर मिळण्याची खात्री नसेल तर उगवणीपूर्वी एक फवारणी, तिसऱ्या आठवड्यात एक कोळपणी आणि चाळिशीच्या आत एक हात खुरपणीचा. त्यानंतर मोठे तण दिसलेच तर ते आऱ्यांना धक्का न लावता हाताने हलकेच उपटावे.

शिक्षक मित्रांनो, शाळेच्या आवारात भुईमुगाचे दोन लहान वाफे करा. एकातले तण वेळेवर काढा, दुसऱ्यातले तसेच ठेवा. काढणीला मुलांकडूनच शेंगा मोजून घ्या. तो हिशेब मुले घरी गेल्यावर आपण होऊन सांगतील.

आणि शेतकरी बंधूंनो, पेरणी झाली की घरातल्या दिनदर्शिकेवर चाळिसाव्या दिवसाला खूण करून ठेवा. कोळपे त्या खुणेच्या अलीकडेच चालले पाहिजे.