अरण्यातील रस्त्यावरची सेवा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



परदेशी मुलांकडे राहून तुम्ही दोघे वेळ कसा घालविता, यावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्या चिटणिसांनी आम्हां उभयतांस आज्ञा केली. नातवंडे सांभाळतो, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे की, गेले चार उन्हाळे आम्ही अमेरिकेतील वायोमिंग राज्यात, ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात, विनावेतन फिरते मार्गदर्शक म्हणून काम करीत आहो.

उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राणीचा बाग येतो. म्हणून प्रथमच सांगून टाकतो की, तेथे पिंजरा नाही. १९२९ साली स्थापिलेले आणि १९५० साली वाढविलेले हे अरण्य सुमारे साडेबाराशे चौरस किलोमीटर आहे. अस्वले, लांडगे, बायसन, मूस सारे मोकळे हिंडतात आणि मोटारीत बंद असतो तो मनुष्य. रस्त्याकडेला अस्वल दिसले की क्षणात पन्नास गाड्या थबकतात, दारे उघडी टाकून माणसे धावतात. ही गर्दी आवरण्यासाठी २००७ साली स्वयंसेवकांचे एक पथक उभारण्यात आले. त्यात आमची भरती झाली.

काम ऐकावयास सोपे आहे. गाड्या बाजूस लावविणे, लोकांस मागे सारणे, आणि अस्वलास रस्ता ओलांडावयाचा असेल तर तेवढी वाट मोकळी ठेवणे. अस्वल व लांडगा यांच्यापासून १०० यार्ड आणि इतर प्राण्यांपासून २५ यार्ड दूर राहावे, असा नियम आहे. आपल्या मंडळींस आम्ही हे क्रिकेटच्या भाषेत सांगतो: बायसनपासून एका खेळपट्टीहून थोडे अधिक, अस्वलापासून साडेचार खेळपट्ट्या! हात लांब करून अंगठा उभा धरावा. अंगठ्यामागे प्राणी संपूर्ण झाकला गेला तर अंतर पुरेसे समजावे. बायसन दिसतो म्हशीसारखा संथ. परंतु नराचे वजन नऊशे किलोपर्यंत जाते, आणि तो ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. त्याने शेपूट उभारले की छायाचित्राचा मोह सोडावा. अस्वलासाठी तिखटाचा फवारा मिळतो, आपल्या लवंगी मिरचीचाच तो भाऊबंद. तो अंगावर आलेल्या अस्वलावर मारावयाचा असतो. डासांच्या औषधाप्रमाणे स्वतःच्या अंगास चोळावयाचा नव्हे. हे सांगण्याची वेळ येते, म्हणून सांगतो.

खरी कठीण गोष्ट अन्नाची. एके दिवशी तळावर फेरी मारताना एक मराठी कुटुंब भेटले. मेजावर लाडवांचा डबा उघडा, आणि आजीबाई खारीस शेव घालीत होत्या. आम्ही नमस्कार करून डबा लोखंडी पेटीत ठेवण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, “अहो, मुक्या जिवाला दोन घास दिले तर काय बिघडले? आपल्याकडे याला पुण्य म्हणतात.”

प्रश्न रास्त होता. मुंग्यांस साखर आणि गायीस घास हे आपले संस्कार आहेत, आणि ते आम्हांसही प्रिय आहेत. आम्ही त्यांना ३९९ क्रमांकाच्या अस्वलीची हकीकत सांगितली. १९९६ साली जन्मलेली ही माता आपली पिल्ले रस्त्याच्या आसपासच वाढवी, आणि तिला पाहण्यास दूरदेशीचे लोक येत. २०२० साली, चोविसाव्या वर्षी, तिने चार पिल्ले घेऊन गुहेबाहेर पाऊल टाकले. ती मोठी होऊन आईपासून वेगळी झाली. त्यांतील एका नरास उद्यानाबाहेर मनुष्याच्या अन्नाची चटक लागली. तो माणसांस भिईनासा झाला, आणि २०२२ साली अधिकाऱ्यांनी त्यास ठार केले.

“दूर नेऊन का नाही सोडले?” आजींनी विचारले.

“आजी, नेलेली अस्वले पुष्कळदा परत येतात. एकदा जिभेस चव कळली की ती विसरत नाहीत.”

त्यांनी नातवास हाक मारून डबा पेटीत ठेवावयास सांगितला. खारीकडे मात्र त्या बराच वेळ पाहत होत्या.

पाश्चात्त्यांना हे शहाणपण उपजत होते, असे मात्र कोणी समजू नये. शेजारच्या यलोस्टोनमध्ये एके काळी खरकट्याच्या ढिगांवर अस्वले जमत आणि तो देखावा पाहण्यास प्रेक्षकांकरिता बाके मांडलेली असत. १९३१ ते १९६९ या काळात तेथे अस्वलांकडून वर्षाला सरासरी ४८ माणसे जखमी होत. पुढे १९७० च्या सुमारास ते ढीग बंद झाले, तेव्हा आयते खाण्यास सवकलेली कितीतरी अस्वले वस्त्यांकडे वळली आणि मारली गेली. आज तेथे जखमींचे प्रमाण वर्षाला सरासरी एकावर आले आहे.

३९९ ही अस्वली २२ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्यानाबाहेरील महामार्गावर मोटारीच्या धडकेने मरण पावली. तिच्यासोबत त्या वर्षीचे पिल्लू नव्हे, आदल्या वर्षीचे होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गाड्यांचा वेग कमी करण्यास सांगताना आमचा आवाज पूर्वीपेक्षा चढू लागला आहे. गृहिणीची मला याबद्दल तक्रार आहे, आणि माझी तिच्याबद्दल.

येत्या मे महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहो. आपल्यापैकी कोणाचे तिकडे जाणे झाले, तर पिवळ्या जाकिटातील दोन मराठी म्हातारी माणसे शोधावी. सप्टेंबरात आल्यास एल्क नरांची शीळ ऐकावयास मिळेल. त्यासाठी पहाटे निघावे, लोकरीचा कोट आणावा, आणि फराळाचा डबा गाडीतच, काचा लावून ठेवावा.