छातीवर दडपण आणि डोक्यांत ठणका



घरांत कोणी "छातीवर दडपण आल्यासारखें वाटतें आणि डोकेंहि दुखतें आहे" असें म्हटलें, म्हणजे सल्लागारांना तोटा नसतो. कोणी म्हणतें, पित्त उसळलें. कोणी म्हणतें, जाग्रण भोंवलें. तोंवर तिसरें कोणी कपाळाला बाम चोळूं लागतें. या गडबडींत डोक्याची विचारपूस अगोदर होते आणि छातीचें गाऱ्हाणें मागें पडतें; कारण डोकेदुखी आपल्या रोजच्या ओळखीची. आज मला सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, हीं दोन दुखणीं जोडीनें आलीं असतां चौकशीचा हा क्रम उलटा केला पाहिजे. आधीं छाती, मग डोकें.

विल्यम हेबरडेन या इंग्रज वैद्यानें १७६८ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढें एक निबंध वाचला. चालतांना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी होते आणि माणूस थांबला कीं तें ओसरतें, असें त्याचें वर्णन होतें. आजचा डॉक्टरहि हेंच विचारतो : चालल्यानें वाढतें काय? थांबल्यानें कमी होतें काय? डाव्या हातांत, जबड्यांत, पाठींत पसरतें काय? घाम सुटतो काय? हृदयाचा विकार पुष्कळदां दुखत नाहीं. तो जड वाटतो. म्हणून "दुखत नाहीं हो, नुसतें दडपण आहे" हें बोलणें धीर देणारें नव्हे. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यांत तर तें दडपणहि अंधुक असतें. धाप, मळमळ किंवा अवचित आलेला थकवा एवढीच काय ती सूचना मिळते.

मग या चित्रांत डोकेदुखी कोठून येते? हृदयविकारानें थेट डोकें दुखणें हें विरळा. परंतु हृदयाच्या औषधानें तें हटकून दुखतें, आणि ही हकीकत मोठी बोधप्रद आहे. १८४७ सालीं ट्यूरिन येथें आस्कानिओ सोब्रेरो यानें नायट्रोग्लिसरिन हें स्फोटक द्रव्य सिद्ध केलें. त्याचा कण जिभेवर ठेवतांच डोकें ठणकूं लागतें, हें त्याच्याच ध्यानांत आलें. पुढें विल्यम मरेल यानें त्याचे प्रयोग स्वतःवर केले, आणि छाती आवळणाऱ्या रोग्यांना त्यानें आराम पडतो असें १८७९ सालीं प्रसिद्ध केलें. हें द्रव्य रक्तवाहिन्या सैल करतें : हृदयाचा भार हलका होतो म्हणून छाती मोकळी होते, आणि डोक्यांतील वाहिन्या फुगतात म्हणून कपाळ ठणकतें. सुरुंगाची दारू बनविणाऱ्या कारखान्यांत रविवारची सुटी भोगून आलेल्या कामगारांचें डोकें सोमवारीं दुखे. आठवड्याभरांत अंगाला संवय होऊन तें थांबे. उलट कांहींजणांना सुटीच्याच दिवशीं छातींत कळा येत, कारण संवयीचें द्रव्य त्या दिवशीं अंगांत जात नसे.

हें आपल्या घराशीं जुळवून पाहा. वडिलांना छातीसाठीं जिभेखालीं ठेवावयाची गोळी मिळालेली असते. ती घेतली कीं डोकें ठणकतें. म्हणून "मला हें औषध सोसत नाहीं" असें म्हणून ते ती कोणास न सांगतां बंद करतात. छातीचें रक्षण जातें तें असें. वास्तविक ती डोकेदुखी औषध लागू पडत असल्याचेंच चिन्ह असतें. रोज घ्यावयाच्या त्याच जातीच्या गोळ्यांनीं होणारी डोकेदुखी तर बहुधा कांहीं दिवसांनीं कमी होते. गाऱ्हाणें डॉक्टरांना जरूर सांगावें. गोळी परस्पर सोडूं नये.

दुसरा गैरसमज रक्तदाबाचा. "डोकें दुखत नाहीं, अर्थीं दाब ठीक असला पाहिजे," असें सुशिक्षित माणसेंहि म्हणतात. रक्तदाब हा बोलका रोग नव्हे. तो वर्षानुवर्षें मुकाट्यानें वाढतो आणि यंत्र लावल्यावांचून कळत नाहीं. मात्र वरचा आंकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढें गेला, आणि त्याच वेळीं छातींत दडपण, धाप किंवा दृष्टि अंधुक होणें असेल, तर सकाळची वाट पाहूं नये. उलट आंकडा थोडासा चढलेला दिसला म्हणून सारें खापर त्यावरच फोडूं नये; वेदनेनें आणि भीतीनेंहि दाब चढतो.

तिसरें कारण घराच्या चार भिंतींतच दडलेलें असतें. थंडीच्या रात्रीं दारें-खिडक्या लावून आंत कोळशाची शेगडी पेटवावी, किंवा कोंडलेल्या न्हाणीघरांत गॅसचा गीझर चालूं ठेवावा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायु सांचतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. रक्तांतील हीमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. प्रथम डोकें दुखतें, मग चक्कर व मळमळ. आणि ज्याचें हृदय आधींच अशक्त त्याची छाती दडपते. ओळखण्याची खूण अशी : एकाच खोलींतील दोघां-तिघांना एकदम त्रास होतो, आणि मोकळ्या हवेंत तो उतरतो. बोटाला लावावयाचें जें यंत्र २०२० च्या साथींत घरोघरीं आलें, तें येथें फसवितें. विषारी वायूनें भरलेलें रक्तहि त्याला प्राणवायूनें भरलेलें दिसतें. अशा वेळीं आंकडा पाहत बसूं नये. सर्वांना बाहेर काढावें आणि इस्पितळ गांठावें.

या तिन्हींखेरीज पंडुरोग, ताप आणि मनाची घालमेल यांनींहि दोन्ही तक्रारी एकत्र येतात. घालमेल ही खोटी व्यथा नव्हे. भराभर श्वास घेतल्यानें छाती आवळते, डोकें हलकें होतें, बोटांना मुंग्या येतात. परंतु "तुझ्या मनाचे खेळ" हा निकाल सर्व तपासण्यांच्या शेवटीं द्यावयाचा आहे, आरंभीं नव्हे. घरांतील स्त्रियांच्या वांट्याला तो फार लवकर येतो, म्हणून हें मुद्दाम सांगतों.

आतां करावयाचें काय? दडपण कांहीं मिनिटांत ओसरलें नाहीं, किंवा त्यासवें घाम, धाप अथवा घेरी आली, तर रोग्याला बसवावें, चालवूं नये, आणि त्याला स्वतः गाडी हांकूं देऊं नये. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पाठ फाडल्यासारखी कळ, किंवा क्षणांत कळसाला पोंचलेली, आजवर कधीं न अनुभवलेली डोकेदुखी, हींहि तितक्याच तांतडीचीं चिन्हें होत. अशा डोकेदुखीवर आपल्या मनानें ॲस्पिरिनची गोळी देऊं नये. मेंदूंत रक्तस्राव असल्यास ती अपाय करते. तक्रार केव्हां सुरू झाली, काय करीत असतां झाली आणि कोणतें औषध पोटांत गेलें, या तीन गोष्टी कागदावर टिपून सोबत न्याव्या.

शंभरांतून कितीएक वेळां इस्पितळांतून "विशेष कांहीं नाहीं" असें ऐकून माणूस घरीं परत येईल. त्या वेळीं हेलपाटा फुकट गेला, शेजारी काय म्हणतील, असें मनांत आणूं नये. फुकट गेलेल्या हेलपाट्याची भरपाई होते; वाट पाहण्यांत गेलेल्या घटकेची होत नाहीं.