विवळवेढ्याचा वसंत

डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथे चैत्री पौर्णिमेस महालक्ष्मीची यात्रा भरते, त्याच्या कितीतरी आधी डोंगरउतारावरील निष्पर्ण पळस केशरी आणि काटेसावर आरक्त पुष्पांनी बहरते व त्यांतील मधुरसासाठी मैना, बुलबुल, शिंजीर यांची दिवसभर वर्दळ चालते. परंतु या मुलखाचा खरा वसंत मोहाचा. त्याची मांसल, उग्रगंधी फुले रात्री उमलतात, वटवाघळे ती चाखतात, आणि पहाटे खाली पडलेला सडा वारली स्त्रिया वेचून वाळवितात. याच सुमारास पश्चिमेच्या किनाऱ्यावरून कुरव पक्षी विणीसाठी उत्तरेकडे प्रयाण करतात. १९९१ साली केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून कारखानदारीवर निर्बंध घातले. त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीची निकड या मोहवृक्षांइतकीच खाडीतील तिवरांनाही आहे.