घरीच तर असते!



बुधवार, ११ सप्टेंबर २०२४. त्या दिवशी महाराष्ट्रात घरोघरी ज्येष्ठा गौरींचे पूजन होते. वस्तू व सेवा कराच्या वेळापत्रकात मात्र ११ तारखेला निराळेच महत्त्व आहे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याने मागील महिन्याच्या विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, या तारखेपर्यंत सादर करायचा असतो. ती तारीख चुकली की त्याच्याकडून माल घेणाऱ्याला त्या महिन्याची कराची वजावट दिसत नाही आणि मग दूरध्वनी खणखणू लागतात. डोंबिवलीतील एका तीन खोल्यांच्या घरात त्या दिवशी गौरी आणि विवरणपत्रे एकाच वेळी पाटावर बसली होती.

त्या घरातील सूनबाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर. दुसऱ्या अपत्यानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि नऊ-दहा लहान व्यापाऱ्यांचे हिशेब घरी बसून, महिन्याच्या ठरावीक रकमेवर लिहिण्यास प्रारंभ केला. सारा व्यवहार तोंडी. पाच तारखेपर्यंत बिले द्यायची असे ठरलेले. प्रत्यक्षात ती येत दहाच्या रात्री. त्या दिवशी पहाटे चारला उठून त्यांनी पुरण शिजत ठेवले, सहाला संगणक उघडला, आठला भाज्या चिरायला घेतल्या. दहाच्या सुमारास संकेतस्थळ अडकले आणि साडेअकरापर्यंत अडकूनच राहिले. नैवेद्य दाखवायला दोन वाजले. सासूबाई कठोर स्वभावाच्या नव्हेत. पण चाळीस वर्षे ज्या घरात बाराच्या ठोक्याला गौरी जेवल्या, तेथे दोन वाजावेत हे त्यांच्या मनाला लागले. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘दिवसभर घरीच तर असते, तरी एवढे जमू नये?’’

सूनबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. सायंकाळी हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णींची ओटी भरताना त्यांचे डोळे लाल होते, आणि ते जागरणाचे आहेत असे सर्वांनी धरून चालले.

आजचा विषय हेच वाक्य आहे. ‘घरीच तर असते.’ मराठी मध्यमवर्गीय घरात ते रोज कोठे ना कोठे उच्चारले जाते. बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण जाते.

नोकरीबाहेरचे, करारावरचे काम आता तुरळक उरलेले नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये अशा तात्पुरत्या, कामापुरत्या रोजगारात ७७ लाख लोक असल्याचा अंदाज मांडला आणि २०२९-३० पर्यंत हा आकडा २ कोटी ३५ लाखांवर जाईल असे म्हटले. त्यात अन्न पोचवणारे व गाडी चालवणारे तरुण आहेत, तसेच घरबसल्या संगणकावर काम करणारेही आहेत. अनुवाद, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, हिशेब, आराखडे, संगणकप्रणाली. पुण्या-ठाण्याच्या कोणत्याही इमारतीत एखाद्या तरी दारामागे यांपैकी काही चाललेले असते. कायद्याचे लक्षही आता तिकडे वळले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगाराची व्याख्या आली. मात्र डोंबिवलीच्या सूनबाईंना त्यातून लगेच काही हाती लागेल असे नाही. नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूतिरजा मिळाली. स्वतंत्र कंत्राटावर काम करणारीला रजा देणारा मालकच नसतो.

तरीही कायद्यापेक्षा मोठी अडचण घरातल्या नजरेची आहे. कचेरीत जाणारा माणूस दिसतो. डबा, पिशवी, लोकलचा पास, सायंकाळचा थकवा, या सर्वांतून त्याचे काम घरच्यांना समजते. घरी बसून काम करणाऱ्याचे काम दिसतच नाही, दिसते ती फक्त त्याची उपस्थिती. आणि घरात जो उपस्थित असेल तो मोकळा आहे असे घर गृहीत धरते. गॅसचे सिलिंडर त्याने घ्यायचे, शेजाऱ्यांची किल्ली त्याने सांभाळायची, आत्याबाईंना रेल्वे स्थानकावरून त्यानेच आणायचे. हे काम करणारी स्त्री असेल तर हा भार दुपटीने वाढतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या विनामोबदला कामावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर ते करणारे पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात असे आढळले. २०१९ मध्ये स्त्रियांचा आकडा २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटे कमी झाली, आणि पुरुषांचीही ९७ वरून ८८ वर आली! म्हणजे घटलेली मिनिटे पुरुषांनी उचलली, असेही म्हणण्याची सोय नाही.

घरात बसून दुसऱ्याचे काम करण्याची रीत महाराष्ट्राला नवी मात्र नाही. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या स्त्रिया कारखान्यातून पाने व तंबाखू घरी आणून विड्या वळत आल्या. हजार विड्यांवर मजुरी, आणि मोजून घेणारा ज्या नापसंत करील त्या वजा. ही स्त्री कामगार आहे की नाही, हा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. १९६६ च्या विडी कामगारविषयक कायद्याने, कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणारी व्यक्तीही कामगारच होय, असे स्पष्ट केले. जे कायद्याला १९६६ मध्ये मान्य करावे लागले, ते आपल्या दिवाणखान्यांना साठ वर्षांनंतरही पुरते उमगलेले नाही.

याहून बोलका दाखला लिज्जत पापडाचा आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्या कथेतील उसनवारीचा भाग सर्वांना पाठ असतो. रोजच्या कामाची जी पद्धत पुढे बसली, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. सकाळी केंद्रावर जाऊन आदल्या दिवशीचे वाळलेले पापड द्यायचे, त्यांची मजुरी घ्यायची, नवे भिजवलेले पीठ घेऊन घरी परतायचे. पापड लाटण्याचे काम हवे असेल तर घरात स्वच्छ, कोरडी जागा लागते. जिच्याकडे ती नसेल तिच्यासाठी केंद्रावर पीठ भिजवणे, वजन करणे, पुडे बांधणे अशी कामे असत. या साध्या व्यवस्थेत केवढे शहाणपण आहे पाहा. कामाला घरात जागा आहे का, हे आधी विचारले गेले. कामाचे माप ठरलेले. पैसा हातोहात. आणि पोळपाटावर पापड लाटला जात असताना नातवंडालाही दिसे की आजी काम करते आहे. आजच्या संगणकावरील कामाला यांतील एकही गोष्ट आपोआप मिळत नाही. प्रत्येक गोष्ट घराला मुद्दाम उभी करावी लागते.

पुरुषांची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेतील ग्राहकासाठी कंत्राटावर संगणकाचे काम करणारे तरुण आता सोसायटी-सोसायटीत आहेत. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. देवापुढे दिवा लावण्याची, मुलांना परवचा म्हणायला बसवण्याची जी वेळ, नेमकी त्याच वेळी घरातील कर्ता पुरुष दार लावून घेतो. ग्राहक कॅलिफोर्नियाचा असेल तर घड्याळ साडेनऊ-साडेदहावर जाते. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तिकडचे लोक आपली घड्याळे तासभर पुढेमागे करतात आणि इकडे कल्याणमधील एका कुटुंबाची जेवणाची वेळ सरकते! वडील चोवीस तास घरात असूनही मुलांच्या वाट्याला येत नाहीत, ही तक्रार अशा घरांतून हटकून ऐकू येते.

यात दोष केवळ घरच्यांचा नाही. नोकरदाराला रजा मागता येते. कंत्राटावरील माणसाला ‘नाही’ म्हणण्याचे भय असते. आज एक काम नाकारले तर उद्या ग्राहक फिरकणार नाही, या धास्तीने तो रविवार घेतो, लग्नकार्याचा दिवस घेतो, जेवताना ताटाशेजारी भ्रमणध्वनी ठेवतो. मिळकत अनिश्चित असते म्हणून काम जास्त घेतले जाते, आणि काम जास्त घेतले म्हणून घर मागे पडते. या फेऱ्याचे मूळ बहुतेक वेळा पैशात असते, आणि पैशाविषयी मोकळेपणाने बोलण्याचा संकोच मराठी माणसाला अंमळ अधिकच आहे. ग्राहक तीन-तीन महिने पैसे देत नाही, इकडे जूनमध्ये शाळेचे शुल्क थांबत नाही. ‘मागायचे कसे?’ म्हणून फोन होत नाही; मात्र चिडचिड निघते ती मुलांवर. वास्तविक २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्यानुसार, उद्यम नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाला करारात ठरलेल्या मुदतीत आणि फार तर ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. ही नोंदणी विनामूल्य आहे. ती असलेला माणूस लगेच कज्जा करीत सुटतो असे नाही, पण पैसे मागताना त्याचा आवाज खाली जात नाही.

ही नोंदणी सूनबाईंनीही केली, पण नंतर. त्याआधी घरात जे घडले ते अधिक महत्त्वाचे.

गौरींचे विसर्जन झाल्यावर सासऱ्यांनी एक जुनी वही काढली. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. वेळापत्रकाशिवाय त्यांना चैन पडत नाही. आठ दिवस त्यांनी कोणालाही न सांगता सून किती वाजता उठते, किती वेळ संगणकापुढे बसते, किती वेळा उठवली जाते, याची नोंद ठेवली. वहीचे ते पान घरात सर्वांनी वाचले. एका सकाळी दहा ते एक या तीन तासांत दाराची घंटा सात वेळा वाजली होती. सातही वेळा सूनबाई उठल्या होत्या. आणि त्याच ओळीखाली सासऱ्यांनी आपल्या हाताने लिहिले होते, की सातही वेळा आपण स्वतः वर्तमानपत्र वाचत दारापासून चार पावलांवर बसलो होतो.

त्या पानावर कोणी भाष्य केले नाही. सासूबाईंनी ते दोनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

पुढच्या आठवड्यात आतल्या खोलीत खिडकीजवळ एक घडीचे मेज आले. सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते पाच ही कामाची वेळ ठरली. त्या वेळेत दार आणि दूरध्वनी सासऱ्यांकडे. दहा, अकरा, एकोणीस आणि वीस या चार तारखांना रात्रीचा स्वयंपाक चिरंजीवांकडे आला. (पहिल्या महिन्यात चारही रात्री खिचडी झाली, आणि मुलांनी तक्रार केल्यावर पाचव्यांदा पिठले.) सूनबाईंनी सर्व व्यापाऱ्यांना लेखी कळवले, की पाच तारखेनंतर आलेल्या बिलांसाठी जादा आकार पडेल आणि कामाचे पैसे महिनाअखेरीस मिळाले पाहिजेत. दोन व्यापारी सोडून गेले. त्या तिमाहीत घरात येणारा पैसा खरोखर कमी झाला, थोरल्याच्या शिकवणीचे शुल्क एक महिना थकले, आणि ‘हे सगळे करण्यापेक्षा नोकरीच का धरीत नाहीस?’ हा प्रश्नही एका रात्री निघाला. तो टाळला गेला नाही. जमाखर्चाची वही मध्ये ठेवून चौघे जण बसले, पाळणाघराचा खर्च, लोकलचे तीन तास आणि धाकट्याचा दमा हे सारे एका बाजूला मांडले, आणि वर्षभर असेच चालवून पाहावे असे ठरले. पुढे एका जुन्या व्यापाऱ्याच्याच ओळखीने तिघे नवे आले. तेही लेखी अटी मान्य करून.

सगळे सुरळीत झाले असे मुळीच नाही. वीस तारखेला अजूनही त्या घरात आवाज चढतात. पण नवी दिनदर्शिका भिंतीवर लागली की सासूबाई आधी भाद्रपदाचे पान उघडतात. २०२५ मध्ये गौरी १ सप्टेंबरला जेवल्या. अकरा तारीख दूर होती. ‘‘यंदा देवीने सांभाळून घेतले,’’ असे त्या म्हणाल्या, आणि तरीही पुरणाची डाळ आदल्या रात्रीच त्यांनी स्वतः निवडून ठेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, शेजारच्या काकू किल्ली ठेवायला आल्या. सासरे औषध आणायला गेले होते, म्हणून दार सासूबाईंनी उघडले. ‘‘सून कुठे आहे? दोन मिनिटे बोलायचे होते,’’ काकूंनी विचारले. आतल्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते, खिडकीशी बसलेल्या सूनबाईंची पाठ तेथून स्पष्ट दिसत होती.

‘‘ती कामावर आहे,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘एक वाजता येईल.’’