सफाईची सरकारी कामे आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



सेक्रेटरीसाहेबांनी मला 'स्वयंरोजगार' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी काही व्याख्याता नव्हे. गेली काही वर्षे कचेऱ्या आणि दवाखाने यांच्या साफसफाईची कंत्राटे घेऊन पोट भरणारा मी एक लहान ठेकेदार आहे. तेव्हा जे मला माहीत आहे त्यावरच बोलावे, उगीच डॉक्टर-इंजिनिअर होण्याचा उपदेश करू नये, असे मी ठरवले. तो उपदेश करणारे पुष्कळ आहेत.

दर महिन्याला एखादे वडील आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे येतात. "भाईजान, याला कुठेतरी सरकारी कचेरीत चिकटवा. शिपाई चालेल, सफाईवाला चालेल, पण नोकरी सरकारी हवी." त्यांना कसे सांगावे हे मला समजत नाही. बहुतेक कचेऱ्यांतून सफाई कामगाराची कायम भरती बंद झाली किंवा नावापुरती उरली. लादी मात्र रोज पुसावीच लागते, संडास रोज धुवावाच लागतो. काम कुठे गेलेले नाही, आत जाण्याचा दरवाजा बदलला आहे. त्या दरवाजाचे नाव निविदा. आणि निविदा वाचता येणारा मुलगा आपल्या मोहल्ल्यात शोधून सापडत नाही.

मी हा धंदा सुरू केला तेव्हा माझ्या खाला चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "इतकं शिकून हातात झाडू?" खालांचा राग घाणीवर नव्हता. घरची न्हाणी त्या स्वतः घासत. झाडूबरोबर समाजाने एक पायरी जोडून दिली आहे, त्या पायरीची त्यांना भीती होती. पिढ्यान्‌पिढ्या हे काम काही ठराविक जातींच्या माथी मारले गेले, आणि आपण बरोबरीच्या कितीही गोष्टी सांगत असलो तरी आपल्यातही सफाई करणाऱ्या बिरादरीला लग्नाच्या पंगतीत कुठे बसवतात हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. हा विषय नाजूक आहे, मी तो येथेच सोडतो. पण तो मनातून काढल्याखेरीज कोणी या धंद्यात पडू नये. आपल्या कामगाराच्या हातचे पाणी न पिणारा ठेकेदार त्याचा पगारही वेळेवर देत नाही, असे मी पाहिले आहे.

आता काम शोधायचे कुठे? केंद्र सरकारची खाती, सार्वजनिक क्षेत्रातील बँका आणि कंपन्या यांची खरेदी २०१६ साली सुरू झालेल्या 'जेम' या सरकारी ई-बाजारातून होते. त्यावर सफाईच्या सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. केंद्राच्या निविदांचे आणखी एक सामायिक पोर्टल आहे. आपल्या राज्याच्या खात्यांच्या, जिल्हा परिषदांच्या, नगरपालिकांच्या मोठ्या निविदा 'महाटेंडर्स' या संकेतस्थळावर येतात. तेथे निविदा भरायची तर तिसऱ्या वर्गाची डिजिटल सही लागते. ती पेनड्राइव्हसारख्या एका तुकड्यात मिळते. तो तुकडा सायबर कॅफेवाल्याकडे ठेवून येऊ नये. ती तुमची सही आहे, आपली सही कोणी दुसऱ्याच्या खिशात ठेवीत नाही.

पण नवख्या माणसाने एकदम तेथे उडी घेऊ नये, असे माझे मत आहे. मोठ्या निविदेत पहिली अट असते ती अनुभवाची : मागील तीन वर्षांत अशा प्रकारचे इतक्या रकमेचे काम केले असले पाहिजे. ज्याच्याकडे काम नाही त्याला अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून काम नाही. ही गाठ सोडवायची तर लहान कामापासून सुरुवात करावी. खाजगी दवाखाना, पतपेढी, शाळा, मंगल कार्यालय यांची कामे घ्यावीत. ग्रामपंचायत किंवा एखादी लहान कचेरी थोड्या रकमेच्या कामासाठी दोन-तीन जणांकडून दरपत्रके मागवते, तेथे आपले दरपत्रक द्यावे. काम संपले की लेटरहेडवर दाखला घ्यावा : किती महिने, किती रकमेचे, समाधानकारक की नाही. मी पहिली दोन वर्षे दाखले मागायला लाजलो, आणि त्या दोन वर्षांचा घाम कागदावर कुठेच उमटला नाही.

कागदांपैकी पहिला म्हणजे उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधार आणि पॅन यांवर ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. हे मी मोठ्याने सांगतो, कारण याच कागदासाठी एका एजंटाने माझ्याकडून तीन हजार रुपये घेतले, आणि मी ते आभार मानून दिले. या नोंदणीचा उपयोग असा : सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी केंद्राचे २०१२ चे खरेदी-धोरण आहे. त्यानुसार केंद्रीय खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करावयाची असते. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. निविदेचा फॉर्म विनामूल्य मिळतो आणि इसाऱ्याची अनामत रक्कम भरावी लागत नाही. हे धोरण केंद्राचे आहे. राज्याच्या किंवा नगरपालिकेच्या निविदेत सवलत आहे की नाही हे त्या-त्या निविदेच्या अटींत पाहावे. आणि काम मिळाल्यावर जी सुरक्षा-ठेव द्यावी लागते ती कोणालाच सहसा चुकत नाही.

महिलांच्या ३ टक्क्यांबद्दल ऐकून काही बंधूंचे डोळे चमकले असतील. नाव बायकोचे आणि कारभार नवऱ्याचा, असे करू नये. माझ्या घरात उलटे घडले. पत्नी मस्टर लिहायला म्हणून आली आणि वर्षभरात निविदेतल्या चुका मला दाखवू लागली. आज दर तीच काढते.

निविदेचा कागद चाळीस-पन्नास पानांचा असतो आणि बहुधा इंग्रजीत असतो. आपली मुले पहिले आणि शेवटचे पान वाचतात. खरी मेख मधे असते. साहित्य, म्हणजे फिनेल, पोछे, बादल्या, यंत्रे, कोणाचे? सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या जागी बदली माणूस कोणी द्यायचा? एक माणूस गैरहजर राहिला तर दंड किती? दर माणसामागे मागितला आहे की चौरस मीटरमागे? आणि जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा लिहू नये. एका तिमजली इमारतीचा दर मी घरी बसून काढला. काम सुरू झाल्यावर कळले की नळाला पाणी फक्त तळमजल्यावर येते. वर्षभर माझ्या बायांनी बादल्या जिन्याने वर वाहिल्या. निविदेत तसे कुठेच लिहिले नव्हते, आणि मी विचारले नव्हते.

आता हिशोब. येथे विद्यार्थ्यांनी वही काढली तरी चालेल. समजा, तुमच्या भागातील किमान वेतन दिवसाला ५०० रुपये आहे. (खरा आकडा सरकार जाहीर करते, तोच घ्यावा.) २६ दिवसांचे १३,००० झाले. त्यावर मालकाचा भविष्यनिर्वाह निधी प्रशासन-खर्चासह सुमारे १३ टक्के, म्हणजे १,६९०. राज्य विमा ३.२५ टक्के, म्हणजे सुमारे ४२३. बोनस ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,०८३. एका माणसामागे १६,१९६ रुपये. बारा माणसांचे झाले सुमारे १,९४,००० रुपये. साहित्य आणि गणवेश यांचे बारा हजार धरा, म्हणजे २,०६,००० रुपये. यात तुमचा नफा अजून आलेला नाही, रजेच्या बदली माणसाचा खर्च नाही, आणि जीएसटी वेगळाच. आता समोरचा ठेकेदार त्याच कामाला १,९२,००० चा दर भरतो. तो कुठून देणार? त्याला काही जादू येत नाही. तो माणसांच्या पगारातून किंवा त्यांच्या निधीतून देणार.

हे मी दुसऱ्याचे पाप सांगत नाही. माझे पहिले सरकारी काम मी असाच दर भरून मिळवले. पेढे वाटले. बिल तीन-तीन महिने यायचे नाही. पगार उसनवारी करून दिले, पण निधीचे पैसे भरायचे राहू लागले. पुढच्या महिन्यात भरू, असे मी मनाशी म्हणत होतो. एक बाई होत्या, मला भाऊ म्हणत. मुलीच्या ऑपरेशनसाठी त्यांनी निधीतून उचल मागितली तेव्हा तीन महिन्यांचे पैसे जमाच नाहीत असे निघाले. त्या माझ्याकडे आल्या, ओरडल्या नाहीत. "भाऊ, माझ्या पगारातून तर कापले होते. मग गेले कुठे?" एवढेच विचारले. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणे हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा आहे, हे मला नंतर एका वकिलाने सांगितले. पण त्या दिवशी मला कायदा आठवला नाही, त्यांच्याकडे पाहता येईना. मी स्कूटर विकली, थकलेली रक्कम दंड-व्याजासह भरली आणि ऑपरेशनाचे पैसे वेगळे दिले. मुलगी बरी झाली. बाई आजही माझ्याकडे आहेत, पण पगाराच्या दिवशी निधीचा तपशील मोबाइलवर स्वतः पाहतात. मीच त्यांना ते शिकवले.

म्हणून, हातात तीन महिन्यांचा पगार नसेल तर मोठे काम घेऊ नये. वरच्या उदाहरणात ती रक्कम सहा लाखांच्या घरात जाते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते. उशीर झाल्यास बँक-दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. तक्रारीसाठी २०१७ पासून 'समाधान' नावाचे पोर्टलही आहे. तक्रार केली तर पुढचे काम जाईल या भीतीने लहान ठेकेदार गप्प बसतो. मीही बसलो आहे. मात्र दर महिन्याचे बिल पोच घेऊन द्यावे आणि पोच जपून ठेवावी, म्हणजे गरज पडल्यास दार उघडे राहते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा त्यांत सामावला गेला. आता ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार ठेवणाऱ्याला परवाना लागतो, आणि प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यावे लागते. पत्र मराठीत द्यावे आणि वाचून दाखवावे.

एक गोष्ट राहिली, ती सर्वांत गंभीर आहे. एका ठिकाणी काम चालू असताना मला सांगण्यात आले की, मागची सेप्टिक टँक तुंबली आहे, दोन माणसे उतरवा, बिलात नंतर पाहू. मी नाही म्हणालो. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस धोकादायक रीतीने उतरवण्यास मनाई आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली. टाकीतला वायू दिसत नाही. पहिला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि वर्तमानपत्रात दोन नावे छापून येतात. मी गाडी मागवून टाकी उपसून दिली, तिचे पैसे मला कोणी दिले नाहीत, आणि पुढच्या वर्षी ते काम दुसऱ्याकडे गेले. ते काम गेल्याचे मला दुःख नाही.

एकट्याने जमत नसेल तर पाच-दहा जणांनी मिळून सहकारी संस्था करावी. पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी, त्यांत बहुसंख्य बाया, 'स्वच्छ' ही संस्था काढली आणि २००८ साली महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम आपल्याकडे घेतले. ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांनी महापालिकेशी करार केला. आपल्या तर घराघरात आज बारावी झालेली मुले आहेत.

कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना मला एवढेच विचारायचे आहे : वरचा हिशोब तुमच्यापैकी कितीजण संगणकावर मांडून दाखवतील? ज्याला ते येते त्याला माझ्याकडे काम आहे, झाडू न धरता.

संस्थेच्या परवानगीने दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी असरच्या नमाजनंतर, मी आणि माझी पत्नी वाचनालयात बसणार आहोत. एक चालू निविदा घेऊन ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, असा विचार आहे. मुलींनीही यावे. ज्यांना उद्यम नोंदणी करायची आहे त्यांनी आधार, पॅन, बँकेचे पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल बरोबर आणावा. तीन हजार रुपये आणू नयेत.