गोधडीचा फोटो पाठवताना

हातात सुई असेल, निवडायचं सूप असेल, तर काम चालू ठेवूनच ऐका. आज मी फोटोबद्दल बोलणार आहे. फोटो काढायचा कसा ते नाही, ते आपल्या पोरींना आपल्यापेक्षा चांगलं येतं. काढलेला फोटो समोरच्या माणसापर्यंत धड पोचवायचा कसा, ते.

आमच्या भागातल्या एका गटाची गोष्ट सांगते. गोधड्या शिवतात. हाताचा धावदोरा, एवढा बारीक की टाके मोजायला बसलं तर डोळे दुखतील. एका प्रदर्शनाची पुस्तिका छापली जाणार होती, त्यासाठी गोधडीचा फोटो मागवला. ज्या ताईंच्या फोनमध्ये फोटो होता त्यांनी तो व्हॉट्सअ‍ॅपवर अध्यक्षांना टाकला. अध्यक्षांच्या सुनेनं त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि ग्रामसंघाच्या ग्रुपवर टाकला. तिथून आणखी कुणी पुढं ढकलला. छापणाऱ्याकडे पोचला तेव्हा गोधडी म्हणजे नुसता रंगीत चिखल दिसत होता, टाका एकही नाही. पुस्तिकेत त्यांचं पान आलंच नाही. बायांना वाटलं, आपलं काम पसंत पडलं नाही. दोन जणी तर म्हणाल्या, आता बारीक टाके घालण्यात अर्थ नाही. काम चोख होतं हो! वाटेत फोटो बारीक झाला होता.

तो बारीक होतो म्हणजे काय होतं? फोटो ही सुद्धा गोधडीच आहे असं समजा. रंगाचे बारीक बारीक चौकोन शेजारी शेजारी जोडून तो बनतो. त्या चौकोनाला पिक्सेल म्हणतात. फोनचा कॅमेरा 12 मेगापिक्सेलचा आहे म्हणतात, तेव्हा फोटोत आडवे साधारण 4000 आणि उभे 3000 चौकोन असतात. गुणाकार करा, 1 कोटी 20 लाख होतात. असा फोटो तीन-चार एमबीचा भरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की लांब बाजूला साधारण 1600 चौकोन ठेवून बाकीचे गाळले जातात. म्हणजे 1600 गुणिले 1200, 19 लाख 20 हजार. सहातला एक भाग उरला. मोबाइलच्या पडद्यावर बघायला तो पुरतो, म्हणून आपल्याला काही बिघडलंय असं कळतच नाही. पण चांगल्या छपाईला एका इंचात 300 चौकोन लागतात. 1600 चा फोटो जेमतेम पाच इंच रुंद छापता येतो, 4000 चा तेरा इंच. आणि गाळलेले चौकोन परत आणता येत नाहीत. बारीक फोटो ओढून मोठा केला तर फोन मधले रंग अंदाजानं भरतो. कापड एकदा बेतलं की बेतलं, तसंच हे.

म्हणून छपाईसाठी किंवा लांबच्या गिऱ्हाइकाला टाका दाखवायचा असेल तर मूळ फोटो पाठवायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर पिन दाबली की ‘डॉक्युमेंट’ येतं, तिथून फोटो निवडा. तो आहे तसा, एकही चौकोन न गाळता जातो. 2023 पासून ‘एचडी’ असंही बटण आलंय. त्यानं फोटो नेहमीपेक्षा बरा जातो, पण मूळ नव्हे.

डॉक्युमेंटनं पाठवताना एक गोष्ट मात्र सांभाळा. कॅमेऱ्यात ‘लोकेशन’ चालू असेल तर फोटो कुठं काढला ती जागा फोटोच्या आतच लिहिली जाते. मूळ फोटोसोबत तीही जाऊ शकते. अनोळखी गिऱ्हाइकाला आपल्या अंगणाचा पत्ता कशाला द्यायचा? कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करून ठेवा. जुन्या फोटोंत मात्र ते तसंच राहतं, म्हणून मालाचे फोटो नव्यानंच काढा. काढताना कॅमेऱ्याची काच पदरानं पुसा, निम्मा धूसरपणा तिथंच जातो. आणि मागं उघडंनागडं पोर किंवा वाळत घातलेले कपडे नकोत, हे काय मी सांगायला हवं.

आता उलटी अडचण. ऑनलाइन फॉर्म भरताना लिहिलेलं असतं, फोटो 50 केबीच्या आत हवा. आपला चार एमबीचा, म्हणजे 4000 केबीच्या वर. फॉर्म घेतच नाही, आणि शेवटच्या तारखेला रात्री धावाधाव. सोपी वाट अशी: व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच फोटो पाठवा, साधाच, डॉक्युमेंटनं नको. स्वतःच्या नंबरावर मेसेज पाठवता येतो. तो परत उतरवला की काहीशे केबीचा होतो. तरी मोठा असेल तर फक्त चेहऱ्यापुरता कापा. कॉम्प्युटर असेल तर ‘पेंट’मध्ये फोटो उघडून ‘रिसाइज’ दाबा, ‘पिक्सेल’ निवडा आणि रुंदी 400 च्या आसपास घाला. उंची आपोआप बसू द्या, नाहीतर माणूस चपटा दिसतो. मग जेपीजी म्हणून वेगळ्या नावानं ठेवा. वेगळ्या नावानं, हे विसरू नका, नाहीतर मूळ फोटोवरच कात्री चालते.

आणि पन्नास गोधड्यांचे फोटो दाखवायचे असतील तर? एकेक पाठवत बसू नका. समोरच्याचा फोन भरतो आणि तो वैतागतो. गुगल ड्राइव्हवर गटाच्या नावानं फोल्डर करा आणि त्याची लिंक द्या. फुकट जागा 15 जीबी मिळते, पण ती ईमेल, ड्राइव्ह आणि गुगल फोटो या तिघांत मिळून. चार एमबीचा एक फोटो धरला तर सगळी जागा रिकामी असताना 3800 च्या आसपास मावतील. लिंक देताना ‘एनीवन विथ द लिंक’ आणि ‘व्ह्यूअर’ निवडा. ते केलं नाही तर समोरच्याला कुलूप दिसतं आणि तो परवानगी मागतो. ती मागणी ईमेलात येते, आणि आपण ईमेल कधी उघडतो? पण ती लिंक ज्याच्या हाती जाईल तो सगळं फोल्डर बघू शकतो. म्हणून त्यात गोधड्याच ठेवा. आधार कार्ड, पासबुक, ठरावाच्या वहीचं पान, काही म्हणजे काही त्यात नको.

परक्याच्या जागेत ठेवलेल्या फोटोंवर सगळा भरवसाही नको. फोटोबकेट नावाची अमेरिकेतली कंपनी आहे. हौशी लोक तिथं फोटो ठेवायचे आणि दुसऱ्या पानांवर दाखवायचे. 2017 च्या जूनअखेर कंपनीनं अट घातली, असे फोटो दाखवायचे तर वर्षाला 399 डॉलर भरा. ज्यांनी भरले नाहीत त्यांच्या वर्षानुवर्षांच्या फोटोंच्या जागी पैसे भरण्याची पाटी आली. घरी मूळ प्रत होती त्यांना ते परत लावता तरी आले.

आपल्याकडे फोन पडतो, पाण्यात जातो, पोरगं जागा करायला फोटो पुसून टाकतं. मूळ फोटो एका मेमरी कार्डावर घ्या आणि ते कार्ड गटाच्या पेटीत, पासबुकाच्या शेजारी ठेवा. वहीत प्रत्येक गोधडीला नंबर द्या, पुढं शिवणारीचं नाव आणि माप लिहा, आणि फोटोलाही तोच नंबर द्या. गिऱ्हाईक ‘ती निळी काठाची’ म्हणेल तेव्हा निळ्या काठाच्या सात निघतात.